यमुनाक्कांचा नागू

यमुनाक्का मराठीत लिहायच्या, पण कानडी लिपीत. त्यांच्या घरात कित्येक पिढ्या मराठी बोललं गेलं. शाळा मात्र सगळ्यांची कानडी. देवनागरी त्यांना वाचता यायची, सावकाश, अक्षराला अक्षर जोडत. लिहायला हात वळायचा नाही. “आमचं मराठी जिभेवरचं आहे बघ, बोटांतलं नाही,” असं त्या म्हणायच्या आणि पुन्हा पेन्सिल उचलून त्या गोल गोल कानडी अक्षरांत आपलं मराठी ओतत राहायच्या.

मी बेळगावजवळची. दोन्ही लिप्या मला लहानपणापासून येतात. नोकरीसाठी बेंगळुरूला आले, ऑफिस इंदिरानगरला, आणि राहायला जागा मिळाली ती बनशंकरीत, यमुनाक्कांच्या घरावरची खोली. जागा बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला तीनच गोष्टी विचारल्या. गाव कुठलं, कापी, म्हणजे कॉफी, पितेस का, आणि कानडी वाचता येतं का. येतं म्हटल्यावर टेबलावरचे दोन कागद माझ्यापुढे सरकवले.

“वाच की. मोठ्यानं.”

मी वाचलं. ‘नागू फाटकातून बाहेर पडला. त्याच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत मिक्सीचा जार. जाराचं पातं फिरत नव्हतं. नागूनं कोपऱ्यावरच्या दुकानाकडे बघितलं. दुकान बंद होतं.’ असंच पुढे दोन पानं. एक माणूस बनशंकरीच्या रस्त्यानं चालतोय, एवढंच. पण मी दुसरं पान संपवून तिसरं उचलायला हात पुढे केला, तर टेबल रिकामं.

“पुढे?” मी विचारलं.

“गोत्तिल्ला. ठाऊक नाही.”

“म्हणजे अजून लिहिलं नाही?”

“अजून झालं नाही,” अक्का म्हणाल्या, आणि खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.

नागू हा त्यांचा धाकटा भाऊ, हे मला त्याच आठवड्यात कळलं. त्या ते लपवत नव्हत्या. आई गेली तेव्हा नागू शाळेत होता आणि अक्का नुकत्याच मास्तरीण झालेल्या. त्यांनीच त्याला वाढवला. लग्नाचं विचारलं तर “राहून गेलं” इतकंच म्हणायच्या, आणि त्यात तक्रार नसायची. विशीत नागूला डोक्याचा आजार जडला. आवाज ऐकू यायचे, भिंतीपलीकडे कुणी आहे असं वाटायचं. गोळ्या चालू असल्या की बरा असायचा, भाजी आणायचा, गल्लीतल्या मुलांचे पतंग झाडावरून काढून द्यायचा. मी तिथे राहायला जायच्या दीड-दोन वर्षं आधी एका सकाळी मिक्सीचा जार दुरुस्त करून आणतो म्हणून तो गेला. अक्कांनी स्वतः जार पुसून पिशवीत घातला होता, फाटकाशी उभं राहून तो वळणाआड जाईपर्यंत पाहिलं होतं. परत आला नाही. पोलीस झाले, कागद चिकटवून झाले, देवळं झाली, ज्योतिषी झाले. पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. हातात वेळ आला आणि त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं: नागू फाटकातून बाहेर पडला.

तोवर त्यांनी आयुष्यात लिहिलं होतं ते फळ्यावर. अक्का गणित शिकवायच्या. इतकी वर्षं ज्या बाईनं मुलांना पायरीमागून पायरी मांडायला लावली, ती बाई लिहायला बसली की पुढचं काही माहीत नाही म्हणायची, याचं मला फार नवल वाटायचं. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “गणिताचं उत्तर पुस्तकाच्या मागं छापलेलं असतं. इथं मागं काही छापलेलं नाही. मग काय करायचं? समोरची पायरी नीट मांडायची. बस्स.”

त्यांची लिहायची वेळ सकाळची. अंघोळ, देवापुढे दिवा, कापी, आणि मग स्वयंपाकघराला लागून असलेल्या टेबलाशी, दाराकडे पाठ करून. कागद म्हणजे शाळेतून उरलेले पाठकोरे कागद. पेन्सिलीला टोक ब्लेडनं करायच्या. खोडरबर घरात नव्हतं. पुसणं त्यांना मान्यच नव्हतं. “पायरी चुकली तर एक रेघ मारायची. पुसायची नाही. चूक दिसली पाहिजे, नाहीतर आपण कुठून आलो हे कसं कळणार?” अडल्या की उठायच्या आणि अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलायला घ्यायच्या, शेंगांचा हंगाम नसला तर लसूण. दहा मिनिटं, अर्धा तास, कधी सगळी सकाळ. कुणी विचारलं, “अक्का, आज झालं का लिहून?” तर सोलता सोलताच म्हणायच्या, “तो उभा आहे. निघाला की निघेन.” यात लटकं काही नसायचं. दूधवाल्याची वाट बघणारं माणूस बोलतं तसं त्या बोलायच्या.

रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन खाली जायची. त्या वाचायच्या, मी देवनागरीत टाइप करायची. त्यांचं मराठी घरातलं, जुनं, त्यात अर्धी कानडी मिसळलेली. मी कुठे अडखळले की मान वर करायच्या, “बरोबर नाही का गं?” मी म्हणायची, “बरोबर आहे अक्का.” आणि होतंच ते. नागू तुमकूरला एका लाकडाच्या वखारीत झोपला. दावणगेरेला त्यानं एका म्हातारीची पिशवी उचलून दिली आणि तिच्या घरी जेवला. हुबळीत त्याला ताप आला. असा तो चालत होता. सगळं इतकं साधं असायचं, की वाटायचं आज ना उद्या कुणीतरी येऊन सांगेल, हो, बघितला होता आम्ही याला.

माझी स्वतःची नोकरी लिहिण्याचीच, पण ते लिहिणं वेगळं. यंत्रांबरोबर येणाऱ्या पुस्तिका. आधी आराखडा, मग मथळे, मग क्रमांक. घरी मी लपूनछपून कथाही लिहायची, त्याच पद्धतीनं. एकदा धीर करून अक्कांना वाचून दाखवली. वडिलांवरची होती. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “छान आहे. पण हा माणूस दुसऱ्या पानावरच मेला बघ. पुढं तू त्याला खांद्यावर घेऊन चाललीस, ठरवलंस तिथं पोचवायला.” मला राग आला. वर जाऊन कथा पुन्हा वाचली आणि राग गेला.

आमच्या भागातल्या मराठी मंडळात एकदा लेखनाची कार्यशाळा होती. मीच अक्कांना ओढून नेलं. शिकवायला पुण्याहून एक गृहस्थ आले होते, मोठे उत्साही. त्यांनी सगळ्यांना कागद वाटले आणि सांगितलं, तुमच्या कादंबरीचं एकेक प्रकरण एकेका ओळीत लिहा. शेवट आधी लिहा, तो पक्का झाला की बाकीचं सोपं. इंदिरानगर, हेब्बाळकडची आयटीतली मुलं भराभरा लिहायला लागली. अक्कांचा कागद कोरा.

“तुमचं काय, मावशी?” त्यांनी विचारलं. “शेवट काय ठरवलाय?”

अक्का उभ्या राहिल्या. वर्गात बोलायची सवय, आवाज खणखणीत. “सर, शेवट ठाऊक असता तर मी बस धरून तिकडंच गेले नसते का? लिहीत कशाला बसले असते?”

सभागृह हसलं. गृहस्थही दिलखुलास हसले, वा म्हणाले. अक्का हसल्या नाहीत. खाली बसल्या आणि तो कोरा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. परत येताना रिक्षात मी विचारलं, “अक्का, तुम्ही त्याला घरी का नाही आणत? तुमच्याच हातात आहे की. एका पानात येईल.”

त्या इतक्या चिडतील असं मला वाटलं नव्हतं. “मी आणला तर तो मी आणलेला असेल,” त्या म्हणाल्या. “तो आलेला नसेल. तुला फरक कळतो का?” रिक्षावाल्यानंही आरशातून मागे बघितलं. जरा वेळानं स्वतःच शांत झाल्या. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, “बिडु, जाऊ दे. तू चांगल्या मनानं बोललीस. पण मी ओढलं तर तो थांबेल. मला ठाऊक आहे त्याला. लहानपणीसुद्धा ओढलं की रस्त्यात बसायचा.”

त्यांचा विश्वास असा होता. मी त्याला लेखनाचा विश्वास समजत होते. होताही. पण त्यांच्या मनात त्याच्या खाली आणखी एक होता: हात सैल सोडला, मध्ये आपली अक्कल घातली नाही, तर पेन्सिल नागूच्या खऱ्या वाटेनं जाईल. तसं त्या कधी बोलल्या नाहीत. फक्त पानात नवं गाव आलं की त्या गावाच्या पोलीस ठाण्याचा नंबर मला शोधून द्यायला सांगायच्या. मी द्यायची. त्या फोन करून फोटो पाठवायच्या. हुबळी झालं. पुढे सोलापूरही झालं, तिथे नागू एका हॉटेलात भट्टीपुढे डोसे घालायला शिकत होता.

कधी कधी मागे वळूनही बघायच्या. नागू शहर सोडण्याआधी एक दिवस कुठेतरी होता, तेवढी जागा पानांत रिकामी राहिली होती. एका शनिवारी म्हणाल्या, “हेब्बाळला चल. तळ्याकाठी बसला असावा असं वाटतं.” दोन बस बदलून आम्ही गेलो. तळ्याच्या कठड्याशी बाकावर बसलो. पलीकडे उड्डाणपुलावर गाड्यांची रांग, पाण्यात पाणकोंबड्या. अक्का नुसत्या बघत होत्या. मी कंटाळून शेंगदाणे आणले, ते खाऊन झाले. पहारेकऱ्यानं दोनदा येऊन बघितलं. ऊन डोक्यावर आल्यावर अक्का उठल्या. “काही नाही. तो बोलत नाही आज.”

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्या होत्या. मध्येच त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“जार राहिला.”

“कुठला जार?”

“मिक्सीचा. तो बाकाखाली पिशवी ठेवून उठला. विसरला.” आणि भर बसमध्ये त्या रडायला लागल्या. शेजारची बाई उठून उभी राहिली, कुणी पाण्याची बाटली पुढे केली. मी म्हटलं, “अक्का, नका लिहू तसं. तुमच्या हातात आहे. तो जार घेऊनच उठला असं लिहा.”

“असं कसं लिहू? विसरला तो.” पदरानं डोळे पुसत राहिल्या. “आता त्याला घरी यायला निमित्त उरलं नाही गं.”

घरी आल्यावर कापी न घेता त्या टेबलाशी बसल्या आणि ते पान लिहिलं. मी रविवारी टाइप केलं. एका शब्दावरही रेघ नव्हती.

त्यानंतर दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात फोन आला. हेब्बाळच्या पुढे, शहराच्या कडेला, रस्त्यावर सापडलेल्या निराधार माणसांना ठेवून घेणारी एक लहानशी संस्था आहे. तिथे नव्यानं काम करायला आलेली एक मुलगी जुने फोटो हरवलेल्यांच्या जाहिरातींशी ताडून बघत होती. अक्कांच्या जाहिरातीत अलीकडे मीच माझा नंबर घातला होता. मी ऑफिसात होते. तिनं आधी फोटो पाठवला, मग फोन केला, आणि पुढचं सांगितलं. मी रजा टाकून घरी आले.

अक्का ओट्याशी उभ्या होत्या. मी फोन त्यांच्यापुढे धरला. फोटोतला माणूस दाढीवाला, गालफडं बसलेली. मला तरी घरातल्या फोटोतल्या नागूसारखा काही दिसला नव्हता. अक्कांनी चष्मा सारखा केला आणि ताबडतोब म्हणाल्या, “नागू. कान बघ की. आईचे कान.” त्यांचा चेहरा असा उजळला, की मला पुढचं बोलवेना. त्या गॅस बंद करून पदर खोचायला लागल्या. “चल, चल. कुठं आहे? रिक्षा बोलाव.”

“अक्का,” मी म्हटलं, “तो आता नाही.”

त्यांना ते कळायला वेळ लागला. मग खुर्ची ओढून बसल्या.

“यावाग?” मग मराठीत, “कधी?”

“गेल्या पावसाळ्यात. न्यूमोनिया झाला होता. दवाखान्यात नेलं होतं त्यांनी.”

“आणि कुठं होता म्हणालीस?”

“हेब्बाळच्या पुढे. पाच-सात स्टॉप.”

“किती दिवस?”

“पहिल्यापासून. गेला त्याच आठवड्यात कुणीतरी त्याला तिथे पोचवला होता.”

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, त्या ओरडतील. त्या अगदी हळू म्हणाल्या, “म्हणजे आपण तळ्याकाठी बसलो होतो तेव्हा.”

“हो.”

“जिवंत होता.”

मी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. बसनं नको म्हणून मी टॅक्सी केली. संस्था म्हणजे पत्र्याचं छप्पर, लांबट पडवी, पुढे भाजीचे वाफे. माणसं उन्हाला बसली होती. व्यवस्थापक साधा, वयस्क माणूस. पुन्हा पुन्हा हात जोडत होता. तो म्हणाला, नागूनं नाव दुसरंच सांगितलं होतं, शंकर. घर विचारलं की म्हणायचा, यारू इल्ला, मला कुणी नाही. “आजारातली माणसं असं बोलतात अम्मा. मनाला लावून घेऊ नका.” अक्कांनी मान डोलावली. मग विचारलं, शंकर जेवायचा कुठं. त्यानं पडवीतली जागा दाखवली. अक्का तिथे जाऊन बसल्या.

स्वयंपाक करणाऱ्या गौरम्मा शेजारी येऊन बसल्या. त्यांना शंकर चांगला आठवत होता. भाजीला पाणी घालायचा, भांडायचा नाही, भिंतीशी मात्र बोलायचा. अक्कांनी विचारलं, काय आवडायचं खायला?

“सगळं खायचा. रोज मज्जिगे मागून घ्यायचा. दोन-दोन वाट्या.”

“ताक?” अक्का माझ्याकडे वळल्या. “घरी कधी ताकाला शिवला नाही. वास नको म्हणायचा.” आणि पुन्हा गौरम्मांना, “खात्रीनं मज्जिगे? दुसरं कुणी नसेल?”

“नाही अम्मा, शंकरच. मीच वाढायची.”

अक्कांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. भाऊ गेल्याचं दुःख आदल्या दिवशीच आलं होतं. हे आणखी निराळं होतं. इतकी वर्षं पानोपानी ज्याला काय आवडेल, तो कुठे वळेल, कशाला हसेल हे त्या ऐकत बसल्या होत्या, तो इथे बसून ताक पीत होता आणि त्यांना ते ऐकू आलं नव्हतं. त्या गौरम्मांच्या हाताला हात लावून डोळ्यांना लावत म्हणाल्या, “तुम्ही वाढलंत. बरं झालं.”

टॅक्सी उड्डाणपुलाखाली आल्यावर त्या म्हणाल्या, “मी त्याला सोलापूरला नेला. भट्टीपुढे उभा केला. तो इथं मेला आणि मी त्याला तिकडं दोशे घालायला शिकवत होते.”

अस्थी नव्हत्या. संस्थेनं त्यांच्या रीतीनं सगळं केलं होतं. म्हैसूरहून नात्यातली एक भाची आली, फोटो ठेवून श्रीरंगपट्टणला नदीकाठी विधी झाले. गल्लीतली माणसं येऊन गेली. भाची म्हणाली, माझ्याकडे चल. अक्का म्हणाल्या, नोडोण, बघू. भाची गेली. टेबलावरचे कागद अक्कांनी दोरीनं बांधून कपाटावर टाकले.

रविवारी मी खाली जायची, नुसतीच बसायची. एकदा मी म्हटलं, लिहा ना अक्का काहीतरी. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होतं. “तू आराखडे कर,” त्या म्हणाल्या. “तुझंच बरोबर होतं. सैल सोड, वाट आपली आपण सापडते, असं मी तुला शिकवत होते. कुठं सापडली? पोरगं दोन बसच्या अंतरावर होतं. कागद सोडून रस्त्यानं फिरले असते तर दिसलं असतं.”

मी म्हटलं, तुम्ही किती शोधलंत, ते सगळ्यांनी पाहिलंय. म्हटलं आणि लगेच कळलं की याला काही अर्थ नाही. त्यांनी ऐकलंच नव्हतं.

बरेच महिने गेले. त्या बारीक झाल्या. दुपारी दार लावून पडून असायच्या. पुन्हा अवरेचे दिवस आले, एका सकाळी मी ऑफिसला निघाले तर जिन्याखालून हाक: “ये की जरा. कापी झालीय.”

आत गेले तर दोरी सुटलेली, कागद टेबलावर पसरलेले. त्या टेबलाशी बसलेल्या, केस विस्कटलेले, डोळे लाल.

“तो तिथंच उभा आहे,” त्या म्हणाल्या. “सोलापुरात. भट्टीपुढे. कधीपासून उभा आहे. कुणी त्याला बस म्हणेना, जा म्हणेना.”

मला भीती वाटली, यांचं चित्त ठिकाणावर नाही. “कोण अक्का? नागू?”

“नागू नव्हे गं. नागू गेला. मला ठाऊक आहे की.” त्यांनी वरच्या पानावर हात ठेवला. “हा दुसरा कुणीतरी आहे. माझ्या भावाचे कपडे घालून आला होता म्हणून मी ओळखलं नाही. इतकी वर्षं मी त्याच्याशी नागू समजून बोलले आणि त्यानंही काही म्हटलं नाही.” त्या थांबल्या. “त्याला असा अर्ध्यावर कसा टाकू? त्याचंही कुणीतरी असेल घरी.”

“मग याचं नाव काय?”

“विचारलं नाही अजून. स्वल्प वेळ जाऊ दे.”

“आणि पुढे काय होणार?”

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि खूप दिवसांनी त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

त्या पुन्हा लिहायला लागल्या, त्यामुळे त्यांना बरं वाटायला लागलं असं मला म्हणता येणार नाही. तसं झालं नाही. पूर्वी त्या लिहायच्या तेव्हा वाट बघायच्या. आता वाट बघायला कुणी नव्हतं. वाक्य लिहून झालं की कधी कधी तोंडावर पदर धरून बसायच्या, रडून झालं की पुढचं वाक्य लिहायच्या. गावातल्या पोलिसांचा नंबर आता विचारायच्या नाहीत. लिहिणं पूर्वीपेक्षा हळू झालं होतं, आणि मला वाटतं, जास्त चांगलं. तो माणूस सोलापुरातल्या हॉटेलातून निघाला. त्याला एक कुत्रं भेटलं. तो एका लग्नाच्या मांडवात शिरला आणि कुणीही हाकललं नाही. मी टाइप करताना एकदा हसले, तर अक्का चटकन म्हणाल्या, “हसण्यासारखं आहे का? मला कळलं नव्हतं.” आणि ते पान स्वतः पुन्हा वाचून बघितलं, कानडी अक्षरांवरून बोट फिरवत.

एकदा न राहवून मी ते विचारलं, जे इतके दिवस मनात होतं. “अक्का, एवढं होऊन परत न ठरवता कसं लिहवतं तुम्हाला?”

त्या लसूण सोलत होत्या. “ठरवून तरी काय झालं असतं?” त्या म्हणाल्या. “मी ठरवला असता तर घरीच आणला असता. मग आज मी काय केलं असतं त्या पानांचं?” लसणाच्या पाकळ्या वाटीत टाकल्या. “विश्वास ठेवला म्हणजे हवं ते मिळतं असं मला वाटायचं. तसं काही नाही. जे येतं ते खोटं नसतं, एवढंच.” आणि मग फार दमल्यासारख्या म्हणाल्या, “पण मला हवं ते मिळायला पाहिजे होतं गं.”

पुढच्या वर्षी कंपनीनं मला पुण्याला पाठवलं. आई आजारी होती, तिथून घर त्यातल्या त्यात जवळ, मी हो म्हटलं. अक्कांनी मला डब्यात चटणीपूड भरून दिली. रोज फोन करू असं ठरलं. झाले ते आठवड्याला, मग पंधरवड्याला. आषाढात भाचीचा फोन आला. सकाळी देवापुढे दिवा लावताना अक्का कोसळल्या, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. कागद भाचीला वाचता येत होते, पण ती म्हणाली, तुझ्याकडेच राहू देत. ते माझ्याकडे आहेत. शेवटच्या पानावर तो माणूस नदीवरच्या छोट्या पुलावर थांबून पाण्यात बघतोय. त्याला अजून नाव नाही. वाक्य पूर्ण आहे, पूर्णविराम दिलेला आहे, आणि पुढे काही नाही.

मी अक्कांना शेवटचं पाहिलं ते मी पुण्याला निघाले त्या सकाळी. सामान खाली गेलं होतं, टॅक्सी फाटकाशी उभी होती. मी निरोप घ्यायला आत गेले. त्या टेबलाशी होत्या, माझ्याकडे पाठ, अंगावर जुनी निळी शाल. पेन्सिल चालू होती. मी “अक्का” म्हटलं. त्यांनी वळून न बघता डावा हात वर केला, पंजा पसरून, वर्गातल्या मुलांना थांबवतात तसा.

“स्वल्प थांब. हा बोलायला लागलाय.”

मी दारात उभी राहिले. पेन्सिलीचा आवाज येत होता. त्यांचे खांदे पुढे झुकलेले, मान एका बाजूला, कुणाचं तरी ऐकल्यासारखी. टॅक्सीवाल्यानं एकदा हॉर्न दिला. थोड्या वेळानं पुन्हा दिला. हात कधीचा खाली आला होता, पण त्या लिहितच होत्या. आता हाक मारली तर तो माणूस बोलायचा थांबेल, असं मला खरोखरच वाटलं. तिसऱ्यांदा हॉर्न वाजला तेव्हा मी चपला हातात घेतल्या, पायरी उतरले आणि फाटक आवाज न करता ओढून घेतलं.

त्या मागे वळल्या असतील तेव्हा मी दारात नव्हते.